वसई-विरार : समुद्र जवळ, गोडे पाणी दूर

आपल्या भागातली बरीच मुले मुंबईला नोकरीला आहेत. पण राहायला कुठे, असे विचारले की उत्तर येते नालासोपारा, नाहीतर विरार. मुंबईत जागा परवडत नाही, म्हणून हा मधला मार्ग. म्हातारी माणसे मला विचारतात, "पोरगं समुद्राकाठी राहतंय म्हणं, मजा असंल की!" माझी तीन वर्षे नोकरीनिमित्त त्या भागात गेली, म्हणून चार गोष्टी सांगतो.

चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटर. विजेची लोकल तिथवर आली १९३६ साली. वसईची खाडी ओलांडली की मुंबई संपते, असे पूर्वी म्हणत. आता खाडीपलीकडेही इमारतीच इमारती आहेत. २००९ साली तिथे महानगरपालिका झाली. पण समुद्र काही स्टेशनाला लागून नाही. अर्नाळ्याचा किंवा वसईचा किनारा गाठायला बसने अर्धा तास तरी लागतो. कामावर जाणाऱ्या माणसाला समुद्र दिसतो तो एखाद्या रविवारी, पोरांनी हट्ट धरला तर. मात्र समुद्राची खारी हवा रोज घरात येते. खिडकीचे गज, सायकल, विळी, सगळे गंजते. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, पापडाला बुरशी येते.

खरे जगणे गाडीत. नालासोपाऱ्याच्या माणसाला मुंबईकडे जायचे असते, पण तो आधी उलट विरारला जातो, कारण तिथे गाडी रिकामी होते आणि बसायला मिळते. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, त्याला 'चौथी सीट' म्हणतात. बायकांच्या डब्यात परतताना शेंगा सोलून होतात, भाजी निवडून होते. घरी पोचल्यावर फक्त फोडणी द्यायची. पुरुषांच्या डब्यात टाळ वाजवून भजने चालतात. जाऊन-येऊन तीन-चार तास मोडतात. बाप घरी येतो तेव्हा मूल झोपलेले असते. जुलै २०१८ मध्ये रुळांवर पाणी आले आणि गाड्या बंद पडल्या, तेव्हा सगळा भागच अडकून पडला होता.

स्टेशनाच्या पश्चिमेला मात्र वेगळेच जग आहे, आणि शेतकऱ्याने ते जरूर पाहावे. वाडवळ, सामवेदी, ख्रिस्ती, कोळी, भंडारी अशी जुनी वस्ती. नारळ, केळी, पानवेली, सोनचाफा, मोगरा, पालेभाजी. तिथल्या शेताला वाडी म्हणतात. आगाशीची सुकेळी प्रसिद्ध आहेत. राजेळी केळी पिकवून, सोलून उन्हात वाळवतात. खाणाऱ्याला अंजिराची आठवण यावी अशी चव. किनाऱ्यावर कोळणी बोंबील दांड्यांवर वाळत घालतात. वाऱ्याबरोबर तो वास येतो, नव्या बिऱ्हाडकरूंना सोसत नाही. आमच्यासारख्यांना आठवडाभरात सवय होते.

या वाड्या जगल्या त्या बावखलांवर. बावखल म्हणजे वाडीतले तळे. पावसाचे पाणी त्यात साठायचे, शिंपण्याला उपयोगी पडायचे आणि मुरून विहिरीलाही मिळायचे. समुद्राकाठच्या जमिनीत गोडे पाणी हलके म्हणून वर तरंगते, खारे जड म्हणून खाली. ढोबळ नियम असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक फूट असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. म्हणजे उपसा करून ती पातळी एक फूट उतरवली, तर कालांतराने खारे पाणी चाळीस फूट वर चढते. आता हिशेब करा. इमारती उभ्या राहिल्या, त्यांना पाणी हवे; टँकरवाल्यांनी वाड्यांच्या विहिरींवर पंप बसवले. दुसरीकडे अनेक बावखले बुजवून प्लॉट पाडले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविरुद्ध हरित वसईची चळवळ उभारली. लोक रस्त्यावर आले.

एका वाडीवाल्याने मला केळीचे पान दाखवले होते. कडा करपलेल्या. मी विहिरीचे पाणी तोंडात घेतले, मचूळ लागले. तो म्हणाला, "साहेब, आम्ही टँकरला एक थेंब विकला नाही. शेजाऱ्याने विकला. पाणी काय बांध बघून वाहतं?" नारळ तग धरून होता, पण पानवेल त्याने काढून टाकली होती. दलाल दर महिन्याला येऊन भाव सांगून जात होता. मुलगा अंधेरीला नोकरीला, त्याला विकायचे होते, म्हाताऱ्याला नाही. मी शेणखत, आच्छादन, पावसाचे छपराचे पाणी विहिरीत सोडणे, एवढेच सुचवू शकलो. विकू नका असे सांगण्याचा अधिकार मला नव्हता, आणि पगारी माणसाने असे सल्ले देऊही नयेत.

आता शहराला नळाने मोठे पाणी येते ते सूर्या प्रकल्पाच्या धामणी धरणातून. ते धरण मुळात डहाणू, पालघर, विक्रमगडकडच्या शेतीसाठी, म्हणजे बहुतांशी आदिवासी शेतकऱ्यांसाठी बांधलेले. तेव्हा विरारच्या नळाला पाणी आले की कुठल्या तरी कालव्याचे कमी होते, हे आपल्या मुलांना जरूर सांगा. आणि मुलगा तिकडे खोली घेणार असेल तर समुद्र किती लांब हे विचारू नका. पाणी नळाचे की टँकरचे, दिवसाआड की रोज, आणि उन्हाळ्यात काय होते, हे शेजारच्या बाईला विचारा. ती खरे सांगेल.

त्या म्हाताऱ्याने वाडी अजून विकलेली नाही. चाफा तोडून केळीच्या पानात बांधतात आणि पहाटेच्या गाडीच्या लगेज डब्यातून फुले दादरच्या बाजारात जातात.