उजेड राखावा लागतो

मोर्शीच्या उन्हाळ्यात भर दुपारी चुना दिलेल्या भिंतीकडे डोळे उघडून पाहवत नाही. ती जलरंगांत रंगवू म्हटले, तर त्या उन्हासाठी पेटीत रंगच सापडत नाही. तैलरंगात गडद भागावर पांढरा लेप देऊन उजेड मागाहून आणता येतो. जलरंग पारदर्शक, त्यांतील उजेड म्हणजे कोरा कागद. तो आरंभापासूनच राखावा लागतो. एकदा रंगाखाली गेला की पूर्वीच्या तेजाने परत येत नाही.

राखलेला उजेडही दिसतो तो सावलीमुळे. तिला नुसता काळा रंग दिला, तर भिंतीस भोक पडल्यासारखे वाटते. आमच्या संत्र्याच्या बागेबाहेर पडलेली सावली न्याहाळावी: तीत आकाशाची निळी झाक असते आणि तापल्या मातीची तांबूस छटाही. म्हणून निळ्यात किंचित तांबडा मिसळून एकच पातळ हात द्यावा, व तो वाळेपर्यंत कुंचला आवरावा.

हा संयम कोठवर जाऊ शकतो, हे सावळाराम हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास दाखविले. हाती दीप घेतलेल्या आपल्या कन्येचे त्यांचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीपुढे धरलेला हात, तांबूस झालेली बोटे, मुखावरील प्रकाश, हे सारे जलरंगांतच आहे.

मुलांस रंगपेटी देताना आम्ही रंगांची नावे शिकवितो. त्याआधी उजेड कोठे आहे, ते त्यांस घटकाभर पाहू द्यावे, असे आम्हांस वाटते.