अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

‘बिऱ्हाड’ ह्या शब्दाला हिंदीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘किराये का मकान’ म्हटले की त्यात भाडे येते, मकान येते. पण पितळी डबे, देवाचे ताम्हन, गादीच्या वळकट्या आणि आज ना उद्या हे सारे पुन्हा बांधावे लागणार ही जाणीव त्यात येत नाही. मराठीत बिऱ्हाड करता येते, थाटता येते, हलवता येते. विंचवाचे तर ते पाठीवरच असते. लक्ष्मण माने ह्यांच्या ‘उपरा’त (१९८०) ते गाढवाच्या पाठीवर असते, आणि तेथे ह्या शब्दातला सगळा गोडवा उतरून जातो. तौलनिक साहित्याच्या वर्गात असले शब्द मी हौसेने फळ्यावर लिहीत आले आहे. दिल्लीत दोन वर्षांसाठी अभ्यागत प्राध्यापक म्हणून आले आणि अतिथिगृहातली मुदत संपत आली, तेव्हा हा शब्द फळ्यावरून उतरून माझ्या पाठीस लागला.

करोल बाग निवडण्यामागे काही मोठा विचार नव्हता. मेट्रो २००५ च्या अखेरीपासून तेथे आहे, बाजार पायाखाली आहे, आणि दक्षिण दिल्लीतली भाडी माझ्या मानधनात बसणारी नव्हती. पुसा रोडपासून आर्य समाज रोडपर्यंतच्या गल्ल्यांत प्रॉपर्टी डीलरांची दुकाने दर पन्नास पावलांवर आहेत, आणि प्रत्येक दुकानात प्रश्नांचा क्रमही ठरलेला आहे. अकेली रहेंगी? शाकाहारी? रात को आना-जाना? त्यानंतर थोडा खाकरून चौथा प्रश्न : नाव से पता नहीं चल रहा, आप लोग होते क्या हैं? माझ्या आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे. त्यातून गाव कळते, जात कळत नाही, आणि दिल्लीच्या डीलरला तर गावही कळत नाही. ‘प्रोफेसर’ ह्या उत्तराने त्याचे समाधान होत नसे. तो प्रश्न पुन्हा विचारी आणि मी उठून बाहेर येई. असे तीन दुकानांत झाले. पुण्यात हा प्रश्न विचारला जात नाही असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. तेथे तो ‘मूळचे कुठले?’ असा आडवळणाने येतो, इतकेच. दिल्लीकर ते आडवळण घेत नाही, हा एका परीने त्याचा प्रामाणिकपणा म्हणावयाचा.

त्याच आठवड्यांत उर्दू विभागातला एक तरुण सहकारीही घर शोधत होता. आम्ही दोघे दोन-तीनदा एकत्रच फिरलो. त्याला चौथा प्रश्न कोणी विचारला नाही. त्याचे नाव ऐकले की घर कालच गेलेले असे. एका डीलरने त्याला चहा पाजला, ‘मुझे कोई एतराज़ नहीं, मालिक नहीं मानता’ असे मनापासून सांगितले आणि ओखल्याचा पत्ता दिला. महिनाअखेर तो ओखल्याला राहावयास गेला.

ह्या गोष्टीची बोच करोल बागेत अधिक लागते, कारण ह्या वस्तीचा इतिहास निराळा आहे. नवी दिल्ली उभारताना ज्या जुन्या वस्त्या उठवल्या गेल्या, त्यांतील पुष्कळ माणसे इकडे येऊन वसली. हकीम अजमल खान ह्यांच्या तिब्बिया महाविद्यालयाचे उद्घाटन येथे १९२१ मध्ये गांधीजींच्या हस्ते झाले. जामिया मिलिया इस्लामिया १९२५ मध्ये अलीगढहून निघाली ती करोल बागेतच आली, आणि दहा वर्षे भाड्याच्या घरांत राहिली. एक अख्खे विद्यापीठ येथे बिऱ्हाडकरू होते! झाकिर हुसेन जर्मनीहून परतले ते ह्याच बिऱ्हाडी. पुढे १९३५ मध्ये ओखल्याला कोनशिला बसली आणि जामिया आपल्या हक्काच्या जागेत गेली. तिचे प्रकाशनगृह, मकतबा, मात्र मागे राहिले, आणि १९४७ च्या दंगलीत त्याची पुस्तके जळून गेली. करोल बागेतले मुसलमान गेले, पश्चिम पंजाबातून निर्वासित आले. अजमल खान रोडचे नाव तेवढे राहिले; त्यावर आज कपड्यांचा बाजार भरतो.

मला घर मिळाले ते डीलरकडून नव्हे. करोल बागेच्या सराफी गल्ल्यांत सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडची गलाईवाली माणसे आहेत. सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा हा धंदा ह्या दुष्काळी पट्ट्यातल्या लोकांनी देशभर नेला; महाराष्ट्राबाहेरील मराठी समाजाविषयी लिहिणाऱ्यांना इंदूर, बडोदे, तंजावर आठवतात, गलाईवाले क्वचितच आठवतात. भट्टीशेजारी बसलेल्या अशा एका गृहस्थांनी माझी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, “ताई, कागुद दावून हितं घर गावत न्हाई. माणूस मधी लागतो.” त्यांच्या खोल्या गावाकडच्या एका पोराकडून दुसऱ्याकडे जातात, डीलर मध्ये येतच नाही. ते स्वतः मध्ये पडले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माताजींच्या पुढ्यात बसले होते.

माताजी लायलपूरच्या. १९४७ मध्ये आठ वर्षांच्या होत्या. हे घर निर्वासितांच्या नुकसानभरपाईत त्यांच्या वडिलांना मिळाले. त्यांनी मला जातही विचारली नाही आणि मासेही विचारले नाहीत. त्यांचा एकच प्रश्न होता : जाणार कधी?

तो का, हे तळमजल्यावरून कळले. तेथे साठीच्या दशकापासून एक दुकान आहे, आणि त्याचे मासिक भाडे आजच्या माझ्या वीजबिलापेक्षा कमी आहे. दिल्लीच्या १९५८ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला काढण्याची कारणे मोजून ठेवली आणि भाडे गोठवले. १९८८ मध्ये महिना साडेतीन हजारांवरची घरे ह्या कायद्यातून वगळली गेली. जुनी मात्र आत राहिली. १९९५ मध्ये संसदेने नवा कायदा केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण तो अमलात कधी आलाच नाही. नव्या भाडेकरूसाठी मग उरला तो अकरा महिन्यांचा करार. वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो. अकरा महिन्यांचा लागत नाही. हायडेलबर्गला मी काही काळ राहिले आहे. जर्मनीत राहत्या घराचा करार बिनमुदतीचा असणे हाच नियम आहे, आणि भाडेकरू जितका जुना तितकी मालकाने द्यावयाची नोटीस लांब : पाच वर्षांपर्यंत तीन महिने, पुढे सहा, आठ वर्षांनंतर नऊ. माताजींना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी कानाला हात लावले. मला त्या अन्यायी वाटल्या नाहीत. एका पिढीच्या भाडेकरूंना मिळालेल्या संरक्षणाची किंमत पुढच्या पिढीचे भाडेकरू अकरा-अकरा महिन्यांनी चुकवीत आहेत, एवढाच ह्या व्यवहाराचा अर्थ आहे.

मला मिळाली ती बरसाती : गच्चीवरची एक खोली आणि तिच्यापुढची मोकळी गच्ची. ह्या शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाही, तेव्हा फिटंफाट झाली. हिंदीच्या अभ्यासकांना बरसाती म्हटले की निर्मल वर्मा आठवतील. १९५९ मध्ये ते प्रागला गेले, साठीच्या दशकाचा बराच भाग तेथे राहिले, ‘वे दिन’ (१९६४) ही त्या शहराची कादंबरी. आणि परतल्यावर पुष्कळ वर्षे त्यांनी काढली ती ह्याच करोल बागेत, बरसातीत. ‘एक चिथड़ा सुख’मध्येही (१९७९) बरसाती आहे. आमच्याकडे भाड्याच्या घराचे वाङ्मय झाले ते चाळीचे. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ ची, म्हणजे दिल्लीच्या भाडेकायद्याच्याच वयाची. चाळीत भाडेकरू हा बहुवचनी असतो. गॅलरी सामाईक, भांडण सामाईक, आणि घरमालक बहुधा पडद्याआड. बरसातीतला भाडेकरू एकटा, त्याच्या डोक्यावर आभाळ आणि पायाखाली मालकाचे कुटुंब. हिंदी कथेतल्या महानगरी एकाकीपणाची मुळे आपण युरोपीय आधुनिकतेत शोधतो. थोडी गच्चीवरही शोधावीत, असे मला ह्या वास्तव्यात वारंवार वाटले. प्रबंधात मात्र हे लिहिण्याचे धाडस मी विद्यार्थ्यांना करू देणार नाही.

जिन्याच्या दारावर चुन्याच्या अनेक थरांखाली एक दगडी पाटी आहे. अक्षरे उर्दू आहेत एवढेच दिसते. माताजींचे वडील उर्दू वाचत; माताजींची शाळा दिल्लीत हिंदीत झाली. गेल्या हिवाळ्यात, माझा दुसरा करार झाल्यावर, ओखल्याचा तो सहकारी एका रविवारी चहाला आला. जिना चढता चढता थांबला, रुमालाने पाटी पुसली आणि बराच वेळ पाहत राहिला. माताजी खालून पाहत होत्या. “क्या लिखा है, बेटा?” त्यांनी विचारले. त्याने बांधणाऱ्याचे नाव वाचले आणि साल वाचले : हिजरी १३४६. बोटांवर हिशेब करून म्हणाला, सत्तावीस-अठ्ठावीस. माताजींनी ते नाव दोनदा पुटपुटले. मग त्याला म्हणाल्या, चहा वर नको, खालीच घ्या. चहा देताना त्यांनी सहज विचारले, कुठे राहतोस?

“ओखला, माताजी.”

“इतनी दूर?” माताजी म्हणाल्या.