वायर की ऑइल?

गेले तीन वीकेंड आमच्या घरात एकच विषय चालू होता: क्लच. विषय क्षुल्लक वाटेल, पण आमची १९६६ ची मस्टँग घरात राहणार की विकली जाणार, हे त्यावर ठरायचं होतं.

गाडी कागदोपत्री माझी, पण जास्त चालवते बायको. पुण्यात सासऱ्यांच्या फियाटवर शिकलेली, त्यामुळे हाताने गिअर न टाकता चालणाऱ्या गाडीला ती गाडी मानतच नाही. मागच्या वर्षी तिच्या डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं. गुडघा बरा झाला, पण सॅन होजेच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास क्लच दाबला की रात्री बर्फाची पिशवी काढावी लागते. तिने सरळ सांगून टाकलं, "हे बघ, क्लच हलका होत असेल तर ठेवू, नाहीतर विकू. पण ऑटोमॅटिक करून तिची वाट लावू नकोस."

आता या गाडीत मुळात वायरही नाही आणि ऑइलही नाही. फोर्डने सगळं काम लोखंडी दांड्यांवर भागवलंय. मध्ये 'झेड-बार' नावाचा आडवा दांडा, त्याचं एक टोक इंजिनवर आणि दुसरं चासीवर. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, चासी हलत नाही. इतक्या वर्षांत बुश झिजले, आणि पेडल रोज वेगळ्या मूडमध्ये!

पर्याय पहिला, वायर. आपल्याकडे मारुती ८०० ला हीच, स्कूटरलाही हीच. फॉक्सवॅगन बीटल तर २००३ मध्ये मेक्सिकोत शेवटची बनेपर्यंत वायरवरच चालली, आणि तिचं इंजिन मागे! स्वस्त, साधं, आणि जास्तीची वायर डिकीत टाकून ठेवली की निश्चिंत. पण आतली तार बाहेरच्या नळीला घासत सरकते, म्हणजे प्रत्येक वळणावर थोडी ताकद वाया. आमच्या गाडीत आधीच्या मालकाने मोठे एक्झॉस्ट पाइप बसवलेत, नेमके वायरच्या वाटेवर. त्यांना चुकवायचं तर वळणं आली, आणि उष्णतेने नळी वितळायची भीती वेगळी.

पर्याय दुसरा, हायड्रॉलिक. पेडल मास्टर सिलिंडर दाबतं, नळीतून ब्रेक ऑइल जातं आणि गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर फोर्क ढकलतो. १९५९ च्या मिनीतही हेच होतं. पोर्शेने ९११ ला १९८७ च्या मॉडेलपासून दिलं. नळी कशीही वळवा, फरक पडत नाही. प्लेट झिजेल तसं अ‍ॅडजस्टमेंटही बहुतेक आपोआप होतं, त्यामुळे क्लच रोज त्याच जागी धरतो. दुखऱ्या गुडघ्याला हे फार मोलाचं.

पण "हायड्रॉलिक म्हणजे हलका" हे लोक म्हणतात तितकं सरळ नाही. गणित बघा. मास्टर पाऊण इंचाचा आणि स्लेव्ह ७/८ इंचाचा घेतला, तर क्षेत्रफळांच्या प्रमाणात जोर साधारण १.३६ पट होतो. छान! पण मास्टर एक इंच सरकला की स्लेव्ह जेमतेम पाऊण इंचच सरकतो. तेवढ्यात क्लच पूर्ण सुटला नाही तर गिअर खरखरत पडणार. फुकट काहीच मिळत नाही, आमच्या कोडसारखंच.

खरा जडपणा असतो प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगांत. जुनी तीन बोटांची प्लेट काढून डायफ्रॅमवाली बसवली की पायावरचा भार बराच उतरतो, मग पुढे वायर असो की ऑइल. आमची क्लच प्लेट संपत आलीच होती, गिअरबॉक्स उतरणारच होता. म्हणून आधी मोजलं: बाथरूममधला वजनकाटा पेडलवर धरून दाबला, तर १९ किलो!

शेवटी डायफ्रॅम प्लेट आणि हायड्रॉलिक असं ठरलं. दोन गोष्टींवर मात्र मी अडून बसलो. एक, स्लेव्ह सिलिंडर बाहेरचा. बेअरिंगसकट आत बसणारा सुटसुटीत दिसतो, पण गळला की पुन्हा गिअरबॉक्स उतरवा. बाहेरचा जमिनीवर आडवं पडून बदलता येतो. दोन, फायरवॉलला आतून जाड पत्रा. मूळ पत्रा पातळ असतो. मास्टरच्या जोराने तोच वाकतो आणि पायाचे श्रम तिथेच जिरतात.

कटकटी आहेतच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, दर दोनेक वर्षांनी बदलायला हवं. सांडलं तर रंग खातं. नळीत हवा राहिली की पेडल लोण्यासारखं खाली जातं. ते बायको आत बसून दाबतेय, मी खाली नट सोडतोय, असं करून काढलं. "दाब... धर... सोड" असा संवाद तासभर चालला. झेड-बार ऑइल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. रोलबॅक प्लॅन हवाच ना!

काटा आता १२ किलो दाखवतो. परवा ती एकटीच सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन आली, चढावरचे सिग्नल वगैरे सगळं करून. रात्री बर्फ लागला का, विचारलं. म्हणाली, "लागला, सरबतात."

तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि हाच प्रश्न पडला असेल, तर वायर की ऑइल ते नंतर ठरवा. आधी वजनकाटा काढा.