हँडलची पिन

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. दोन-तीन जणांनी "ब्लॉग बंद केलात का?" असं विचारलं, म्हणून सांगते, बंद केलेला नाही. लेकीकडे पिट्सबर्गजवळ पाच महिने राहून आले. तिथे लिहायला वेळ भरपूर होता, पण का कोण जाणे, हात चालत नव्हता. आज मात्र एक गोष्ट लिहायचीच आहे. सुरुवात ट्रकपासून करते.

जावयांनी एक जुना पिकअप ट्रक घेतला आहे. आपल्याकडे ट्रक म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तसला नव्हे. पुढे मोटारीसारखी बसायची जागा, मागे उघडा हौदा. बागेची माती, लाकडं, जुनं कपाट असलं काहीबाही वाहायला. गाडी १९९० च्या दशकाच्या शेवटची, म्हणजे नातवापेक्षा वयाने मोठी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे. माझेही गुडघे आता असेच आहेत.

या ट्रकचं गिअरचं हँडल खाली दोन सीटांच्या मधे नाही. ते स्टिअरिंगच्या दांड्यालाच उजवीकडे लावलेलं आहे. गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नाही. हँडल आपल्याकडे ओढायचं आणि वरखाली करायचं, की समोरच्या काट्याखाली पी, आर, एन, डी अशी अक्षरं सरकतात. पी म्हणजे पार्किंग, आर म्हणजे मागे, एन म्हणजे न्यूट्रल, डी म्हणजे पुढे. आमच्या या ट्रकचं हँडल भलतंच डगडगत होतं. हाताने उचलून धरलं तरच पी मध्ये जायचं, आणि काटा दोन अक्षरांच्या मधे कुठेतरी लोंबकळायचा. जावई म्हणायचे, "आई, त्याला सवयीचा हात लागतो."

जूनमध्ये एका संध्याकाळी नातू ट्रक घेऊन आला. वय सतरा, लायसन्स नवीन. घरासमोरचा रस्ता उताराचा, तिथे सगळंच उताराचं आहे. त्याने काटा पी वर आणला, किल्ली काढली, उतरला आणि दार आपटलं. मी व्हरांड्यात शेंगा सोलत बसले होते. दाराच्या धक्क्यासरशी ट्रक आपला हळूच मागे निघाला! आवाज नाही, काही नाही. मी ओरडले, पण मराठीत काय ओरडले ते आठवत नाही. ट्रक शेजाऱ्यांच्या टपालपेटीचा खांब वाकवून थांबला. दहा मिनिटांपूर्वी तिथेच शेजाऱ्यांची दोन लहान मुलं खडूने रस्त्यावर चित्रं काढत होती.

त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही. जावई म्हणाले, ट्रक भंगारात देऊन टाकू. नातू एकही शब्द बोलेना. त्याला वाटत होतं की सगळे त्यालाच दोष देताहेत, आणि थोडेफार देतही होते.

मी म्हटलं, "आधी हँडलची पिन बघा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सत्तरीतली मराठीची बाई, आयुष्यात गाडी चालवली नाही, आणि ही पिन कुठून काढली? मी म्हटलं, हँडल डगडगलं की आधी पिन बघावी, मग पिनेचं भोक बघावं, मग खालचे बुश. हँडल मोडत नसतं, त्याचे सांधे झिजतात. हे मला कोणी सांगितलं ते तेव्हा सांगितलं नाही.

शनिवारी ट्रक सपाट जागी नेला. चारही चाकांना लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला. नातवाने बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवली आणि आम्ही बराच वेळ नुसते थांबलो. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते. तिथे ठोकाठोक करताना ती उडाली तर जिवावर बेतेल, म्हणून तिच्यात साठलेली वीज ओसरू द्यायची. मग दांड्याखालचं प्लास्टिकचं आवरण काढलं. आत हँडलचा डोळा एका लोखंडी कड्यात बसवलेला, आणि दोहोंना आरपार जोडणारी पिन. पिन म्हणजे भरीव खिळा नव्हे. पोलादाच्या पत्र्याची सुरळी, एका बाजूने चिरलेली. ती स्वतःच्या ताणाने भोकात घट्ट बसते.

ती निघेना. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडीत जिथेतिथे गंज. तेल सोडून तासभर थांबलो. नातू पंच लावून वरून हातोडी मारायला लागला तशी मी त्याला थांबवलं. खालून आधार नसेल तर सगळा मार दांड्याच्या आतल्या बेअरिंगवर जातो. मग मी खालून लाकडाचा ठोकळा दाबून धरला, मधे पिनेला बाहेर यायला जागा सोडून, आणि तो वरून ठोकत होता. माझ्या मनगटाला प्रत्येक घाव कळत होता. "आजी, हात दुखतोय का?" "तू मार."

सातव्या की आठव्या घावाला पिन सुटली. हँडलचं भोक गोल राहिलंच नव्हतं, चक्क लांबट झालं होतं. ओतीव धातू, किती वर्षं तग धरणार? नातू ट्रकखाली गेला, तर गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा बुशही झिजून सैल. म्हणजे वर हँडलमध्ये ढिलाई, खाली केबलमध्ये ढिलाई. काटा पी दाखवत होता, पण खाली गिअरबॉक्स पी पर्यंत पोचलाच नव्हता. आत एक दाते असलेलं चाक असतं आणि पी टाकलं की एक खिटी त्याच्या खाचेत पडून ते अडवते. आमची खिटी अर्धवटच टेकलेली असणार. दार आपटलं आणि ती निसटली. हे कळल्यावर नातवाचा चेहरा जरा सैल झाला.

इथे थोडं विषयांतर. ही अक्षरं पी, आर, एन, डी याच क्रमाने का, असा मला मास्तरकीचा प्रश्न पडला. शोधलं तर कळलं की पहिली मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली ऑटोमॅटिक गिअरची व्यवस्था १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाईल गाड्यांत आली. तिच्यात पी नव्हतंच, आणि आर होतं अगदी शेवटी. पुढेही कंपन्यांची बाराखडी वेगवेगळीच. एका गाडीची सवय झालेला माणूस दुसरीत बसला की पुढे जायच्या ऐवजी मागे. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात यावर चांगलेच कोरडे ओढले. १९६८ पासून अमेरिकेत नियमच झाला की पुढचा गिअर आणि मागचा गिअर यांच्या मधे न्यूट्रल हवं. असो.

नवं हँडल दुकानात मिळालं. त्याच्या टोकाला एक बटण आणि त्याच्या दोन बारीक तारा हँडलच्या पोटातून दांड्याखाली जातात. जुन्या तारा ओढून काढल्या तर नव्या कशा घालायच्या? नातू फोनवर व्हिडिओ शोधू लागला. मी माझ्या पिशवीतला दोरा काढला. जुन्या तारेच्या टोकाला तो बांधला आणि हँडल काढलं. तारांच्या मागोमाग दोरा आत ओवला गेला. मग त्याच दोऱ्याला नव्या तारा बांधून ओढल्या. परकरात नाडी ओवायला सेफ्टी पिन लावतो, तसंच. नवी पिन ठोकताना ठोकळा पुन्हा मीच धरला. खालचा बुशही बदलला. बॅटरी जोडली, ब्रेकवर पाय ठेवून एकेक अक्षर तपासलं, काटा बरोबर अक्षराखाली. मग हलक्या उतारावर, मागे ठोकळे ठेवून, पी टाकून नातवाने पाय हळूहळू सोडला. ट्रक तसूभर हलून खट्ट करून थांबला.

आता ते पिनेचं मला कोणी सांगितलं, ते.

माझा थोरला भाऊ, दादा, गिरणीत होता. माझ्या बी.ए.ची फी त्याच्या पगारातून गेली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मग काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दादा भाड्याची टॅक्सी चालवायला लागला, काळी-पिवळी फियाट. तिचाही गिअर स्टिअरिंगलाच, फक्त डावीकडे. मी तोपर्यंत शाळेत कायम झाले होते. स्टाफरूममध्ये कोणी विचारलं तर मी सांगत असे, "भाऊ खाजगी नोकरीत आहे."

१९८६ च्या जुलैत, भर पावसात, मी दादर स्टेशनबाहेर छत्री सावरत उभी होते आणि समोर दादाची टॅक्सी. "बसा मास्तरीणबाई," म्हणाला. मी पुढेच बसले. गिअरच्या हँडलला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती आणि प्रत्येक गिअरला तो हँडल उचलून धरत होता. दिवसाचे सोळा-सोळा तास दोन पाळ्यांत पळणारी गाडी, झिजणारच. मी विचारलं, मोडलंय का? तेव्हा त्याने सिग्नलला थांबून मला सगळं समजावून सांगितलं. पिन, भोक, बुश. ठोकताना खालून आधार का द्यायचा, तेसुद्धा. शिकवण्याची हातोटी त्याच्याकडे माझ्यापेक्षा चांगली होती.

शाळेच्या फाटकाशी उतरले, तर आमच्या एक बाई छत्री मिटत तिथेच उभ्या. माझ्याकडे बघत होत्या. मी पर्स उघडली, दहाची नोट काढली आणि खिडकीतून दादाच्या हातात दिली. परक्या टॅक्सीवाल्याला देतात तशी. त्याने मीटर टाकलेलाच नव्हता. तरी त्याने मीटरकडे बघितल्यासारखं केलं, खिशातून सुटे पैसे मोजून मला परत दिले आणि गेला.

त्यानंतर तेहेतीस वर्षं आम्ही भेटत होतो. राखी, भाऊबीज, लग्नं, सगळं. त्याने तो विषय कधी काढला नाही आणि मीही नाही. दादा २०१९ साली गेला. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरात फोटो आले होते. मी ते पान न वाचता घडी करून ठेवलं.

ट्रकखालून बाहेर आल्यावर नातवाने विचारलं, "आजी, तुला हे कोणी शिकवलं?" मी त्याला सांगितलं, माझ्या भावाने, तो मुंबईत टॅक्सी चालवायचा. एवढं वाक्य बोलायला मला किती वर्षं लागली, याचा हिशेब त्याला कळायचं कारण नव्हतं. तो "कूल" म्हणाला आणि हात धुवायला गेला.

वहिनी, भाची तुम्हाला हा ब्लॉग वाचून दाखवते, हे मला माहीत आहे. म्हणून फोनवर न बोलता इथे लिहिते आहे. दादाने त्या दिवशी घरी येऊन ते दहा रुपयांचं तुम्हाला सांगितलं होतं का?