माळ्यावरचा रेडिओ

गेल्या दिवाळींत पिंपळनेरच्या आमच्या घरीं माळा झाडतांना आजीच्या माहेरचा जुना रेडिओ सांपडला. तो भंगारांत द्यावयाचें ठरलें, तोंच आजी म्हणाली, "बाबांनो, देऊं नका. गीतरामायण आम्हीं ह्यावरच ऐकलं. सारी आळी अंगणांत जमायची."

१ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणें आकाशवाणीनें ग. दि. माडगूळकरांचीं ५६ गीतें सुधीर फडके यांच्या चालींत ऐकविलीं. तीं जतन झालीं, म्हणून आज आम्हांसहि ऐकावयास मिळतात. परंतु मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, त्या काळचे बहुतेक आवाज हवेंतच विरले; कारण कार्यक्रम प्रत्यक्ष होत आणि ते मुद्रित करून ठेवण्याची सोय क्वचितच असे.

रेडिओ आतां मुका आहे. आजी मात्र बोलते. तिच्या आठवणी आम्ही वहींत उतरवूं लागलों. परवां अंगणांत शेजारीं बसणाऱ्या मैत्रिणीचें नांव तिला आठवेना, तेव्हां आमच्या काळजांत चर्र झालें. त्या ओळींत जागा कोरीच राहिली.

बालमित्रहो, आपल्या घरींहि असा एखादा आवाज असेल. तो विरण्यापूर्वीं ऐकून ठेवा.