चंदिगडच्या कचेरीतल्या खुर्च्या

इंदापूर सोडलं की भिगवणपर्यंत उजनीचं पाणी सोबत असतं. पुढे पुणं, दिल्ली आणि मग चंदिगड. इथे येणारे बहुतेक जण सुखना तलाव आणि रॉक गार्डन पाहून परततात. मी आधी सेक्टर १९ मधली एक बैठी, साधी इमारत गाठली.

हे शहर याच कचेरीत कागदावर उतरलं. शहराचे वास्तुविशारद ल कार्बुझिए १९५१ मध्ये इथे आले. ते वर्षातून साधारण दोनदा येत. रोजचं काम त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे यांनी १९६५ पर्यंत इथेच राहून रेटलं. हाताखालच्या तरुण भारतीय वास्तुविशारदांत ए. आर. प्रभावळकर होते, आडनावावरून तरी आपल्याकडचे. २००८ मध्ये कचेरीचं संग्रहालय झालं. नकाशे, पत्रं, छायाचित्रं आहेतच, पण मी रेंगाळलो ते फर्निचरपाशी.

सागवान, विणलेला वेत आणि कंपासासारखे फाकलेले पाय. पंजाबच्या या नव्या राजधानीत कचेऱ्या शेकडो, पैसा बेताचा. म्हणून स्थानिक सुतारांना जमेल आणि उन्हाळ्यात पाठीला वारा लागेल अशी ही घडण. कारकुनापासून न्यायाधीशापर्यंत सगळे अशाच फर्निचरवर बसले.

पुढे लोखंडी आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. जुन्या खुर्च्या गच्चीवर, आवारात ढिगाने पडल्या आणि सरकारी लिलावात भंगाराच्या भावाने गेल्या. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत लाखो रुपयांना विकल्या. कुठल्या खात्याची खुर्ची हे सांगणारी, पाठीवर रंगवलेली अक्षरं आणि आकडे तिथे अस्सलपणाचा पुरावा ठरले. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वस्तूंच्या विक्रीला मनाई केली. तोवर पुष्कळ माल देशाबाहेर गेला होता. २०१६ मध्ये इथलं कॅपिटॉल संकुल, म्हणजे मुख्य सरकारी इमारतींचं आवार, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. भिंतींना मान मिळाला, पण त्यांच्या आतलं कितीतरी आधीच विकलं गेलं होतं.

म्हणून सेक्टर १९ मधली मांडणी मला मोलाची वाटते. आराखडे झाले त्याच छपराखाली त्या काळचं टेबल उभं आहे, त्यामुळे उंची, उजेड, बसण्याची रीत सगळं कळतं. तीच खुर्ची परक्या दिवाणखान्यात नुसती शोभेची होते.

आपल्याकडे बारामतीत कऱ्हाकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे, इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. वास्तूंबद्दल आपण बोलतो, ते योग्यच. पण वालचंदनगरसारख्या कारखान्याच्या गावात, जुन्या पतपेढीत, शाळेत, तलाठ्याच्या चावडीत अजून लिहिण्याची उतरती डेस्कं, सागवानी कपाटं, वेताच्या खुर्च्या असतील. बारामती-इंदापूरच्या वाचकांना माझी विनंती आहे: तुमच्या संस्थेत निर्लेखनाची यादी निघाली, तर सही करण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, ती कोणी वापरली ते जुन्या माणसांना विचारून लिहून ठेवा आणि निदान एक टेबल, एक खुर्ची त्यांच्या मूळ खोलीतच राहू द्या.