टिंग टिंग बंद!

दोनशे रुपयांत शांतता विकत मिळते, यावर तुमचा विश्वास बसेल? मला मिळाली होती. 2022 च्या उन्हाळ्यात, नाना पेठेत. नुकतीच सेकंडहँड हॅचबॅक घेतली होती आणि शेजारच्या सीटवर लॅपटॉपची बॅग ठेवली, की ती टिंग टिंग करत कोकलायची. सेन्सरला वाटायचं, कुणीतरी बसलंय आणि बेल्ट लावलेला नाही. दुकानदाराने ड्रॉवरमधून एक लोखंडी क्लिप काढली. ‘‘बेल्टच्या खाचेत खुपसा मॅडम, विषय संपला.’’ संपला खरंच!

त्याच वर्षी 4 सप्टेंबरला पालघरजवळ सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले ते आणि जहांगीर पंडोल, दोघंही गेले. दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता. आमच्या ग्रुपवर आठवडाभर हाच विषय. मीही दोन लांबलचक मेसेज टाकले. क्लिप मात्र जागच्या जागी. ती बॅगेसाठी होती ना!

पण सीटवर दरवेळी बॅगच बसते असं कुठाय? गेल्या जूनमध्ये आई बसली. डॉक्टरांकडे जायचं होतं, दहा मिनिटांचा रस्ता. खाचेत आधीच काहीतरी अडकलेलं बघून म्हणाली, ‘‘राहू दे गं, इथेच तर जायचंय.’’ गाडी गप्प. मीही गप्प. पौड रोडवर एक रिक्षा आडवी आली, मी करकचून ब्रेक दाबला आणि गाडी डिव्हायडरवर! माझा बेल्ट होता, मला साधं खरचटलंही नाही. आईचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. चार टाके.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मेकॅनिकने ती क्लिप काढून गुपचूप खिशात टाकली. ‘‘सर्व्हेअर येतोय मॅडम. त्याला कशाला दाखवायची?’’ वर म्हणाला, हे तर काहीच नाही. अपघातात उघडलेली एअरबॅग नवी न बसवता स्टिअरिंगला नुसतं कव्हर लावून, मीटरवरचा दिवा बंद करून विकलेल्या गाड्या त्याने पाहिल्यात. मी माझ्या सेकंडहँड लाडकीकडे जरा वेगळ्याच नजरेने बघितलं, खोटं कशाला सांगू?

रात्री वकील मैत्रिणीला फोन लावला. वाटलं होतं हसेल. नाही हसली. मोटार वाहन कायद्याचं कलम 194-बी म्हणे फक्त चालवणाऱ्याच्या बेल्टपुरतं नाही. बेल्ट न लावलेला प्रवासी नेणाराही त्यात येतो. केंद्रीय कायद्यात दंड 1 हजार. थोडक्यात, आईच्या बेल्टची चूक कायद्याने माझी. 2019 च्या दुरुस्तीने आलेलं 182-ए आणखी कडक. परवानगी नसलेले बदल गाडीत केले, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5 हजार दंड, किंवा दोन्ही. बेल्ट नाहीतर एअरबॅग उचकटून टाकणारे थेट याच्या तावडीत. माझी क्लिप त्यात बसते का, यावर वकील भांडत बसतील.

विमा कंपनीला मात्र तेवढं भांडायचीही गरज नाही. पॉलिसीच्या अटींतच असतं, की गाडी सुस्थितीत ठेवायची आणि नुकसान टाळायची वाजवी काळजी मालकाने घ्यायची. (तुम्ही वाचलंय ते कधी? मी त्या रात्री पहिल्यांदा वाचलं.) मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांविरुद्ध आदेश काढले, तेव्हा अशा क्लिपांची 13,118 लिस्टिंग हटवली गेली. क्लिप वापरली म्हणजे निष्काळजीपणा, असं सांगून विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, हेही प्राधिकरणाने तेव्हाच सांगितलं होतं. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाची भरपाई सहसा अशाने बुडत नाही. अडकतो तो आपला स्वतःचा क्लेम, आणि शेजारी बसलेला माणूस. ‘‘उद्या आईला भरपाई मागायची वेळ आली,’’ मैत्रीण म्हणाली, ‘‘तर समोरचा वकील पहिला प्रश्न बेल्टचाच विचारेल. स्वतःच्या निष्काळजीपणाचा वाटा धरून रक्कम कापली जाऊ शकते.’’ म्हणजे क्लिप लावणार मी आणि पैसे कापले जाणार आईचे!

क्लेम फॉर्मच्या तळाशी एक ओळ असते, वरील माहिती खरी आहे, वगैरे. दिवसभर दुसऱ्यांना खोदून खोदून प्रश्न विचारणारी मी त्या ओळीपाशी अर्धा तास बसले. मेकॅनिकच्या खिशातली क्लिप परत मागितली. सर्व्हेअर आला, तेव्हा त्याच्या हातावर ठेवली. त्याने फोटो काढला, मान वर न करता विचारलं, ‘‘आईंना लावलेला होता का बेल्ट?’’

‘‘नव्हता.’’

‘‘लिहा तसं.’’

लिहिलं. बंपर आणि दिव्याचे पैसे शेवटी मिळाले, पण दोन जादा पत्रं आणि महिनाभराच्या घालमेलीनंतर. आईने यातलं काहीच विचारलं नाही. कपाळावरची खूण ती आता मोठ्या टिकलीने झाकते.

गाडी पुन्हा कोकलते. परवा मंडईतून येताना आई मागे बसली होती आणि पुढच्या सीटवर भाजीची पिशवी. टिंग टिंग सुरू झालं. आईने मागून वाकून बेल्ट ओढला आणि दुधी-मेथीसकट पिशवीला घट्ट बांधून टाकलं.